सहलीचे फोटो: आधी घड्याळ, मग नावं, शेवटी रंग

लोणार, मेहकर आणि सिंदखेडराजा करून गावची सहल परत येते, तेव्हा फोटो एका जागी नसतात. सहा-सात मोबाइलमध्ये असतात, एका कॅमेऱ्यात असतात आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायला लागतात. हा सगळा पसारा एकत्र करून त्यातून शाळेला दाखवता येईल, स्टुडिओत छापता येईल आणि वीस वर्षांनी उघडता येईल असा संग्रह करायचा, हे काम आम्ही फुकट मिळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवर करतो. त्यात एक नियम कधी मोडत नाही. फोटोबद्दलची माहिती फोटोच्या फाइलमध्येच लिहायची, आणि रंगाला हात लावण्याआधी लिहायची. माहिती फक्त एखाद्या अ‍ॅपच्या पोटात राहिली तर मोबाइल बदलला की ती गेली. उलट तारीख, ठिकाण आणि नावं मूळ फाइलमध्ये असली, की त्या फाइलपासून पुढे निघणाऱ्या प्रत्येक प्रतीत ती आपोआप उतरतात.

लावणे, शोधणे आणि नावं देणे यासाठी डिजिकॅम. ते केडीई समुदायाचं असून २००१पासून तयार होत आलं आहे. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने जपलेली फोटोची कच्ची नोंद, धुण्यासाठी डार्कटेबल, अनेक फोटो जोडून रुंद दृश्य करायला ह्यूगिन, किरकोळ दुरुस्ती आणि मजकुरासाठी गिम्प. चारही विंडोजवर चालतात आणि लिनक्सवरही. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर डिजिकॅम बरं चालतं. डार्कटेबलला मात्र आठ जीबी असली तरच हात मोकळा राहतो.

गोळा करण्यातच निम्मं नुकसान होतं, म्हणून तिथे जरा थांबतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो, दाबला जातो आणि त्यातली एक्झिफ माहिती निघून जाते. म्हणजे काढल्याची वेळ, कॅमेरा आणि जीपीएस सगळंच जातं. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती पाठवल्या-मिळाल्याची असते. कुणी महिन्याने आठवण होऊन फोटो टाकले, तर नावातली तारीख महिनाभर पुढची. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. सहलीची गाडी निघतानाच ही सूचना द्यावी, नंतर लोकांना सापडत नाही. त्याहून बरा मार्ग म्हणजे लोकलसेंड नावाचं मुक्त अ‍ॅप. एकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करायचा, बाकीचे मोबाइल आणि लॅपटॉप त्याला जोडायचे आणि फाइली थेट पाठवायच्या. इंटरनेट लागत नाही, रोजचा डेटा खर्च होत नाही. बारा मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण तीन ते पाच एमबी धरला, तर हजार फोटोंचे चार जीबी होतात. गावातल्या नेटवर ते चढवणं आणि पुन्हा उतरवणं म्हणजे रात्र घालवणं.

आयफोनवाल्यांना कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायला सांगावं, म्हणजे फोटो जेपीजीत पडतात. नाहीतर ते एचईआयसी फाइलीत येतात आणि जुन्या टीव्हीवर, स्टुडिओच्या संगणकावर उघडत नाहीत.

लॅपटॉपवर प्रत्येक माणसाचा वेगळा फोल्डर. अजून मिसळायचं नाही, कारण प्रत्येक उपकरणाच्या घड्याळाची चूक वेगळी असते. ती दुरुस्त करताना कोणता फोटो कुठून आला हे कळलंच पाहिजे. दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेल्यावर आणि दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळल्यावरच कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायचं. तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. कार्ड चुकून आधीच पुसलं गेलं, तर त्यात एकही नवा फोटो काढू नये. फोटोरेक नावाचं मुक्त सॉफ्टवेअर पुसलेल्या फाइली परत काढतं, पण ज्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं ते परत येत नाही. काढलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर टाकाव्यात. त्यांची जुनी नावं गेलेली असतात, आतली एक्झिफ तारीख मात्र शाबूत असते.

आता घड्याळ. मोबाइल नेटवर्कवरून वेळ घेतो, म्हणून तो बरोबर असतो. कॅमेऱ्याचं घड्याळ बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की मूळपदावर जातं, आणि सहलीच्या सकाळी ते कुणी बघत नाही. निघण्याआधी एका मोबाइलवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडावं आणि प्रत्येक कॅमेऱ्यातून त्याचा एक फोटो काढावा. डिजिकॅममध्ये 'अ‍ॅडजस्ट टाइम अँड डेट' उघडलं की घड्याळाच्या फोटोवरून फरक काढायची सोय आहे. फोटोत दिसणारी वेळ भरायची, ते फरक मोजतं, आणि तोच फरक त्या फोल्डरमधल्या सगळ्या फोटोंना लावायचा. घड्याळाचा फोटो नसेल, तर दोघांनी एकाच क्षणी काढलेला प्रसंग शोधावा. दैत्यसूदन मंदिरासमोरचा सगळ्यांचा फोटो बहुधा दोन-तीन मोबाइलमध्ये असतोच. त्यातल्या मोबाइलची वेळ खरी मानून कॅमेऱ्याचा फरक काढता येतो. काही सेकंदांची चूक राहते, क्रम लावायला ती चालते.

वेळ सुधारल्यावर सगळे फोटो एका फोल्डरमध्ये आणायचे आणि नावं बदलायची. वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिट-सेकंद, शेवटी काढणाऱ्याची दोन अक्षरं. डिजिकॅमच्या नाव बदलण्याच्या खिडकीत तारखेचा साचा देता येतो, शेकडो फाइली एकदम होतात. फाइली आणि फोल्डर यांची नावं आम्ही रोमन अक्षरांत ठेवतो, कारण टीव्ही आणि जुनी यंत्रं देवनागरी नावांच्या जागी चौकटी दाखवतात. मराठी सगळी आत, टॅग आणि वर्णनात. इतकं झालं की मेहकरला बालाजीच्या दर्शनाचे पाच जणांनी घेतलेले फोटो एकापुढे एक अचूक येऊन बसतात. हाताने लावत बसलो असतो तर हे कधीच जमलं नसतं.

ठिकाणाची नोंद मोबाइलच्या फोटोत असते, कॅमेऱ्याच्या फोटोत बहुधा नसते. त्यासाठी सहलीत एका मोबाइलवर ओपनट्रॅक्स सुरू ठेवायचं. ते जीपीएक्स फाइलमध्ये वाट नोंदवतं. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते मेळघाटातही चालतं. फक्त नेट बंद असताना पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागतात, तेव्हा गाडीत बसण्याआधीच मोकळ्या आकाशाखाली सुरू करावं. घरी आल्यावर डिजिकॅमच्या जिओलोकेशन एडिटरमध्ये जीपीएक्स उघडायची आणि वेळेवरून जुळवणी करायची. इथे हमखास घोटाळा होतो. जीपीएक्समधली वेळ युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते आणि कॅमेरा भारतीय वेळेवर, म्हणजे साडेपाच तास पुढे. कॅमेऱ्याचा टाइम झोन चुकीचा दिला, तर सकाळी दहाला लोणारच्या काठावर काढलेला फोटो दुपारी साडेतीनला गाडी जिथे होती तिथे जाऊन बसतो. जुळवणी झाल्यावर नकाशावर चार-पाच ओळखीचे फोटो तपासल्याशिवाय 'अप्लाय' करू नये. दगडी मंदिराच्या आत सिग्नल तुटतो, तेवढ्यापुरती वाट खंडित होते. तिथे 'इंटरपोलेट' चालू करावं आणि चालणारा वेळेचा फरक वाढवून पाच मिनिटांपर्यंत न्यावा. जुळवणीला इंटरनेट लागत नाही, नकाशाचं चित्र दिसायला मात्र लागतं.

टॅग देण्याआधी एक सेटिंग पाहायलाच हवं. डिजिकॅमच्या मेटाडेटा (फोटोबद्दलची माहिती) विभागात टॅग, वर्णन, तारे आणि चेहरे फाइलमध्ये लिहायचे की नाही, यासाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. त्या सगळ्या चालू असाव्यात. जेपीजीत माहिती आतच लिहिली जाते. रॉ फाइलला हात लावू नये. तिच्या शेजारी ही माहिती ठेवणारी एक छोटी एक्सएमपी फाइल तयार होऊ द्यावी, तशी खूणही तिथेच आहे. या जोडफाइलीमुळे एक पथ्य येतं. फोटो हलवायचा किंवा त्याचं नाव बदलायचं ते डिजिकॅममधूनच. बाहेरून एकट्या रॉ फाइलचं नाव बदललं तर तिची एक्सएमपी मागे अनाथ राहते आणि सगळी मेहनत नाहीशी झाल्यासारखी दिसते.

टॅगची उतरंड आम्ही जिल्हा, तालुका, गाव, वास्तू अशी ठेवतो. विदर्भाचे अकरा जिल्हे एकदाच टाकून ठेवले की पुढच्या सहलींना तयार. शब्दाचं एकच रूप ठरवून त्यालाच चिकटून राहणं फार महत्त्वाचं आहे. बुलढाणा आणि बुलडाणा, सिंदखेडराजा आणि सिंदखेड राजा, दैत्यसूदन आणि दैत्यसुदन ही संगणकाला वेगळी नावं आहेत. एका टॅगवर शोधलं तर दुसऱ्याखालचे फोटो येत नाहीत. दोन रूपं झालीच असतील, तर एकाखालचे सगळे फोटो निवडून त्यांना दुसरं रूप द्यावं आणि रिकामा झालेला टॅग पुसावा.

मराठी टॅगला लांबीचीही एक अडचण आहे, आणि ती फारशी कुठे लिहिलेली सापडत नाही. फोटोच्या फाइलमध्ये टॅग लिहायच्या आयपीटीसी नावाच्या जुन्या रकान्यात एका कीवर्डला ६४ बाइट इतकीच जागा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. 'श्री शारंगधर बालाजी मंदिर' याचे ६९ बाइट होतात. शेवट कापला जातो आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धवट टॅग दिसतो. 'श्री' टॅगमधून काढून वर्णनात लिहिलं की ५६ उरतात आणि बसतं. नव्या एक्सएमपी रकान्याला ही मर्यादा नाही, पण आपला फोटो पुढे कोणत्या यंत्रावर उघडेल हे आपल्या हातात नसतं. टॅग वीस चिन्हांच्या आत ठेवणं सगळ्यात सुरक्षित.

चेहरे ओळखण्याची सोय डिजिकॅममध्ये आहे. त्यासाठी पहिल्यांदा काहीशे एमबींच्या फाइली उतरवाव्या लागतात, त्या तालुक्याला चांगल्या नेटवर उतरवून घ्याव्यात. सगळं काम आपल्याच लॅपटॉपवर होतं, कुणाचा चेहरा बाहेर जात नाही. एकेकाचे सात-आठ चेहरे हाताने सांगितले की बाकीचे ते सुचवतं. टोपी, दुपट्टा आणि उन्हाचा गॉगल यांपुढे अंदाज चुकतात, म्हणून सुचवलेलं डोळ्यांनी बघूनच मान्य करावं. हे रात्री लावून झोपायचं काम आहे, पण लाइन जाते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर डेटाबेसमध्ये लिहिणं सुरू असतानाच तो बंद पडतो. इन्व्हर्टरवर असेल तरच लावावं. डेटाबेसच्या फाइली नेहमी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर ठेवाव्यात. फोटो बाहेरच्या डिस्कवर असले तर चालतं, ती डिस्क 'रिमूव्हेबल' म्हणून जोडायची.

निवड करताना आधी सारखे फोटो शोधून घ्यायचे. व्हॉट्सअ‍ॅपची लहान प्रत आणि मूळ फोटो एकत्र समोर येतात, मोठी ठेवायची. त्यानंतर पूर्ण स्क्रीनवर एकेक पाहात ऑल्ट आणि १ दाबलं की नाकारला, ऑल्ट आणि ३ म्हणजे घेतला. तारे दुसऱ्या फेरीत, कंट्रोल आणि आकडा दाबून. दोन्ही एकाच फेरीत करू गेलं की डोळा थकतो आणि शेवटच्या शंभर फोटोंवर अन्याय होतो. पुसायचं तिसऱ्या दिवशी. अस्पष्ट असला तरी ज्या फोटोत गावातला एखादा म्हातारा माणूस एकटाच सापडला आहे, तो पुसू नये.

दुरुस्तीत दोन जागा कठीण जातात. एक म्हणजे हेमाडपंती मंदिराचा आतला भाग. काळा दगड, बाहेरून आत येणारं पांढरं ऊन आणि मध्येच एखादा पिवळा दिवा. तिपाई सगळीकडे लावू देत नाहीत. कॅमेऱ्याने रॉ काढलेला असेल तर डार्कटेबलमध्ये पुष्कळ परत मिळतं. दाराचा उजेड जळू नये म्हणून फोटो मुळातच थोडा अंधारा काढायचा. मग 'एक्स्पोजर' वाढवून दगड मनाजोगता दिसेपर्यंत आणायचा, 'टोन इक्वलायझर'ने दाराचा उजेड खाली ओढायचा, आणि शेवटी 'डीनॉइज प्रोफाइल्ड'. रंग सुधारताना 'व्हाइट बॅलन्स' जसा आहे तसा सोडायचा आणि 'कलर कॅलिब्रेशन'मध्ये काम करायचं. दोन्हीकडे हात घातला तर रंग दोनदा फिरतो आणि डार्कटेबल तसा इशाराही देतं. मोबाइलच्या जेपीजीत प्रत्येक रंगाला आठच बिट असतात. काळोख फार वर उचलला की दगडाच्या जागी पट्टे आणि डाग दिसायला लागतात. तिथे थोडक्यात थांबावं.

दुसरी जागा लोणारचं सरोवर. काठापासून काठापर्यंत विवर सुमारे १.८ किलोमीटर आहे, एका फोटोत बसत नाही. ह्यूगिनसाठी मोबाइल उभा धरायचा, उजेड आणि फोकस दाबून धरून कुलूपबंद करायचे, आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येक फोटोत मागच्याचा तिसरा हिस्सा येईल असं फिरायचं. पाय एकाच जागी. चालत चालत काढलेले फोटो जुळत नाहीत, कारण जवळची झुडपं आणि लांबचं पाणी यांची जागा एकमेकांच्या तुलनेत सरकते. ह्यूगिन समान बिंदू स्वतः शोधतं. पाण्यावर पडलेले बिंदू हाताने काढून टाकावेत, कारण लाटा दोन फोटोंत सारख्या नसतात. फांदी दोनदा उमटली तर एका फोटोतल्या फांदीवर 'मास्क' ओढायचा. प्रोजेक्शन 'सिलिंड्रिकल' ठेवावं, क्षितिज वाकलं असेल तर 'स्ट्रेटन'.

आणि पाण्याचा रंग वाढवू नये. जून २०२० मध्ये हे सरोवर गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. त्या पाण्याचा कोणत्या महिन्यात काय रंग होता हे सांगणारी नोंद म्हणजे आपला फोटो. सॅच्युरेशन ओढून हिरवं केलेलं पाणी दिसायला छान, नोंद म्हणून खोटं. एप्रिल-मेचा पांढरा धुरळा 'हेज रिमूव्हल'ने थोडा काढावा, तिथवर ठीक.

डिजिकॅम आणि डार्कटेबल रॉ फाइलजवळच्या एकाच एक्सएमपी फाइलमध्ये लिहितात. दोन्ही एकाच वेळी उघडी ठेवू नयेत, नाहीतर एकाचं लिहिलेलं दुसरं पुसतं.

वाटण्याच्या प्रती डिजिकॅमच्या बॅच क्यू मॅनेजरमधून काढायच्या. लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि दर्जा ८५ ठेवला तर निवडलेले दीडशे फोटो साधारण शंभर एमबीत मावतात. शाळेला पेनड्राइव्हवर एचटीएमएल गॅलरी द्यावी. ती कोणत्याही ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. टीव्हीवर दाखवायचं असेल तर १९२० पिक्सेल पुरतात, पण गिम्पमधून जेपीजी काढताना 'प्रोग्रेसिव्ह'ची खूण काढावी, कारण बरेच टीव्ही तशी फाइल उघडत नाहीत. जुने टीव्ही फोटो आडवा-उभा सांगणारी एक्झिफ खूणही वाचत नाहीत. तिथे डिजिकॅममध्ये फोटो खरोखर फिरवून घ्यावा. स्टुडिओत ४ बाय ६ इंच छापायला १२०० बाय १८०० पिक्सेल आणि एसआरजीबी ही रंगप्रणाली. मोबाइलचा फोटो ४:३ असतो, कागद ३:२. यंत्र स्वतःच वरून-खालून मिळून ११ टक्के कापतं, म्हणजे मागच्या ओळीतल्यांची डोकी. कापण्याची चौकट आपणच गिम्पमध्ये ठरवून न्यावी.

बाहेर पाठवण्याच्या प्रतींतून जीपीएस काढायचं का, हे फोटो पाहून ठरवतो. मंदिर, किल्ला, तलाव यांचं ठिकाण राहू द्यावं. घरी, शेतात काढलेल्या फोटोंचं काढावं. ताडोबा, नवेगाव, मेळघाट इथल्या वाघ-बिबट्यांच्या आणि घरट्यांच्या फोटोंचं तर काढलंच पाहिजे, ते शिकाऱ्याला पत्ता देण्यासारखं आहे.

मंदिरांचे चांगले फोटो विकिमीडिया कॉमन्स या मुक्त फोटोंच्या संग्रहावर द्यावेत, मराठी विकिपीडियाला ते लगेच वापरता येतात. क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० हा परवाना चालतो. व्यावसायिक वापराला मनाई करणारा परवाना तिथे घेत नाहीत. ज्याने फोटो काढला त्यानेच स्वतःच्या खात्यातून चढवावा. सार्वजनिक जागी कायम असलेल्या इमारती आणि शिल्पांच्या फोटोला आपल्या कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही. गावच्या भिंतीवर अलीकडे रंगवलेलं चित्र मात्र त्या सवलतीत येत नाही, त्याचा फोटो कॉमन्सवर टाकू नये.

संग्रह पूर्ण झाला की डिस्कवरची प्रत दुसऱ्याच लॅपटॉपला जोडून तपासतो. तिथे डिजिकॅम नवं बसवायचं, जुना डेटाबेस द्यायचा नाही आणि फक्त फोटोंचा फोल्डर दाखवायचा. तारखा, टॅग, तारे, चेहऱ्यांच्या चौकटी, नकाशावरच्या जागा सगळं परत दिसायला हवं. एखादी गोष्ट आली नाही तर मेटाडेटा सेटिंगमधली तिची खूण राहिलेली असते. ती लावून मूळ लॅपटॉपवरून माहिती फाइलींमध्ये पुन्हा लिहायची. अल्बमचं वर्णन, जतन केलेले शोध आणि फोटोंचे गट मात्र फक्त डेटाबेसमध्येच राहतात, ते या तपासणीत कधीच परत येत नाहीत. म्हणून सहलीचं वर्णन, कोण कोण आलं होतं ते आणि कोणत्या दोन अक्षरांमागे कोण आहे त्याची यादी, हे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवायचं.